तयार अल्फा-सिन्युक्लिन फायब्रिल: पैसे वसूल होतात, पण सोनिकेटर चांगला असेल तरच

पार्किन्सनच्या मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन पेशीत मुद्दाम साचवून बघायचं, तर बहुतेक प्रयोगशाळा आता त्याचे हे तयार फायब्रिल, म्हणजे रेणू जोडून बनलेले धागे, मागवतात. जिवाणूंत प्रथिन बनवा, शुद्ध करा, मग 37 अंशांवर सुमारे 1000 आरपीएमने आठवडाभर हलवत ठेवा, हा सगळा व्याप त्यामुळे वाचतो.

मात्र ट्यूबमधला माल तसाच न्यूरॉनवर टाकला तर फारसं काही घडत नाही. लांब फायब्रिल पेशी नीट आत घेत नाहीत. शिवाय नवे रेणू जोडले जातात ते टोकांना, आणि लांब धाग्यांत टोकं कमी. म्हणून 0.1 मिग्रॅ/मिलीपर्यंत पातळ करून वापराच्या दिवशीच प्रोब सोनिकेटरने (द्रवात टिप बुडवून ध्वनिलहरी सोडणारं यंत्र) तुकडे करायचे. सरासरी लांबी 50 नॅनोमीटर किंवा त्याहून कमी हवी. काचसामान धुवायच्या सोनिकेटरवर भिस्त ठेवू नका. फेस आला म्हणजे टिप पृष्ठभागाच्या फार जवळ आली. लांबी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच तपासा. थायोफ्लेविन-टी हे फायब्रिलला चिकटणारं रंगद्रव्य चमकलं म्हणजे फायब्रिल आहेत एवढंच कळतं, आखूड झाले की नाही ते नाही.

दुसरा घोटाळा बर्फाचा. प्रथिन दिसलं की हात आपोआप बर्फाच्या डब्याकडे जातो! पण अल्फा-सिन्युक्लिनचे फायब्रिल थंडीत सुटे होऊन मोनोमर, म्हणजे एकेकटे रेणू, बनू लागतात. उणे 80 वरून काढून थेट खोलीच्या तापमानाला वितळवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, उरलेलं पुन्हा गोठवू नका. परदेशातून मागवताना पार्सल कस्टममध्ये अडकून ड्राय आइस संपला, तर तो लॉट आधी तपासल्याशिवाय वापरण्यात अर्थ नाही.

उंदराच्या न्यूरॉनसाठी उंदराच्याच प्रथिनाच्या क्रमाचे फायब्रिल घ्या, मानवी फायब्रिल तिथे कमी परिणाम करतात. कल्चर 5 ते 7 दिवसांचं झाल्यावर 1 ते 5 मायक्रोग्रॅम/मिली द्या आणि सुमारे दोन आठवड्यांनी प्रथिनातल्या 129व्या सेरीनवरचं फॉस्फेट, म्हणजे साचलेल्या प्रथिनाची खूण, ओळखणाऱ्या अँटिबॉडीने रंगवा. सोबत तुलनेसाठी मोनोमरचा कंट्रोल हवाच. मायक्रोग्लियावर (मेंदूतल्या संरक्षक पेशी) काम असेल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आकडा न देणाऱ्या विक्रेत्याकडे जाऊच नका. जळजळ फायब्रिलमुळे झाली की जिवाणूच्या अवशेषांमुळे, हे नंतर सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र गुण कापावे लागतात. रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या फायब्रिलची घडी, म्हणजे प्रथिन दुमडण्याची रचना, 2022 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दिसली, आणि ती परीक्षानळीत बनलेल्या फायब्रिलांपेक्षा वेगळी निघाली. प्रथिन पेशीतून पेशीत कसं पसरतं हे बघायला ही ट्यूब उत्तम. त्या घडीला चिकटणारं औषध किंवा पेट-स्कॅनचं रसायन शोधायला मात्र ती कुचकामी, कॅटलॉगमध्ये काहीही लिहिलेलं असो.

काम संपल्यावर टेबल आणि टिप 1 टक्का एसडीएस या डिटर्जंटने पुसा. अल्कोहोलने फायब्रिल मरत नाहीत, ते जिवंत नसतातच.