मॅकॉले२ मधलं टोरिक पॅकेज: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मॅकॉले२ ही बीजगणिती गणनेची संगणक प्रणाली; तिच्यातलं 'नॉर्मल टोरिक व्हरायटीज' हे पॅकेज टोरिक व्हरायटींवर, म्हणजे कोनांच्या संचावरून (फॅनवरून) बांधलेल्या भौमितिक आकारांवर, काम करतं. लाइन बंडलची कोहोमॉलॉजी (एच⁰, एच¹ वगैरे अवकाश) काढायची असेल तर ते बिनधास्त वापरा. इतर कोहेरंट शीफ (लाइन बंडलपेक्षा व्यापक रचना) असतील तर सबुरी हवी.

चाचणीसाठी हिर्झेब्रुख सरफेस एफ२ ही दोन मितींची टोरिक व्हरायटी घ्या. तिच्या बहुपदी रिंगमधल्या चार चलांच्या डिग्र्या क्रमाने (१,०), (−२,१), (१,०), (०,१). (−२,१) या डिग्रीच्या लाइन बंडलची, म्हणजे ओ(−२,१) ची, मिती एच⁰ = १, एच¹ = १, एच² = ० येतं. रीमान-रॉखने ऑयलर कॅरॅक्टरिस्टिक (एच⁰ − एच¹ + एच²) ० येतं, म्हणून सगळंच शून्य धरण्याचा मोह होतो आणि तिथेच फसगत होते. हाताने ताळा जमतो: एच⁰ मध्ये दुसरं चल, एच¹ मध्ये पहिल्या-तिसऱ्या चलांचा घात −१ आणि चौथ्याचा १ असलेलं एकपद. हाच १ पुढे ऑयलर सिक्वेन्समधून (टँजंट बंडलला लाइन बंडलांशी जोडणाऱ्या एक्झॅक्ट सिक्वेन्समधून) टँजंट बंडलच्या एच¹ मध्ये उतरतो; एच⁰ निघतं ९ − २ = ७ (चारही चलांच्या बंडलांचे एच⁰ मिळून ९, त्यातून क्लास ग्रुपच्या रँकचे २ वजा). एफ२ विकृत होऊन पी१ × पी१ बनतो, तो याच एका दिशेने.

सर्वाधिक चुका डिग्र्यांत होतात. स्वतःचा फॅन दिला की क्लास ग्रुपचा (या डिग्र्या ज्यात असतात त्या ग्रुपचा) पाया पॅकेज आपल्या मनाने निवडतं. तुमच्या कागदावरचा (−२,१) तिथे भलताच बंडल असू शकतो. आधी रिंगच्या डिग्र्या छापून बघा. पाया ठरावीकच हवा असेल तर वेल (Weil) डिव्हायजरकडून क्लास ग्रुपकडे जाणारं मॅट्रिक्स ऑप्शन म्हणून द्या. कोन लिहिताना किरणांची मोजणी ० पासून. फॅन बरोबर आहे का, हे पॅकेज आपणहून तपासत नाही, 'इज वेल डिफाइन्ड' एकदा चालवाच. आणि भारित प्रोजेक्टिव्ह प्लेन पी(१,१,२) वर ओ(१) लाइन बंडल नाही, तरी उत्तर मुकाट्याने मिळतं.

लाइन बंडलचं पहिलं उत्तर यायला वेळ लागतो, कारण तेव्हा कॉम्बिनेटोरियल तक्ता बनतो. पुढची उत्तरं झटपट. इतर शीफसाठी इररेलेव्हंट आयडियलच्या फ्रोबेनियस पॉवरवरून (जनकांचे घात घेऊन केलेल्या आयडियलवरून) एक्स्ट ही जड बीजगणिती गणना करावी लागते. घात वाढला की मेमरी संपते. म्हणून शक्य तिथे एक्झॅक्ट सिक्वेन्स लिहून लाइन बंडलवरच उतरावं.

वेगासाठी परिमेय संख्यांऐवजी झेड/३२००३ (३२००३ या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्या) घेतात. पूर्ण टोरिक व्हरायटीवरच्या लाइन बंडलला चार मितींपर्यंत त्याने फरक पडत नाही. पाच मितींपासून फॅनशी निगडित गोलाच्या आत रीअल प्रोजेक्टिव्ह प्लेन बसू शकतो, त्याच्या होमॉलॉजीतल्या टॉर्शनमुळे कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये मिती वेगळी येऊ शकते.