शाळा बंद म्हणजे क्लबही बंद, की क्लबचं वेगळं ठरवायचं?

हवामान खराब म्हणून शाळा बंद ठेवली की क्लबचं काय करायचं, हे ठरवायचं काम गळ्यात पडलं असेल तर फिरून फिरून दोनच पर्याय राहतात. एक, शाळा बंद म्हणजे रिहर्सल, प्रॅक्टिस, मीटिंग सगळंच आपोआप रद्द. दुसरा, शाळा बंद असली तरी क्लबचं दुपारी वेगळं ठरवायचं आणि ते ज्या त्या इन्चार्जने ठरवायचं. मी नाटकाचा क्लब सांभाळतो, दोन्ही प्रकार करून झालेत, आणि सुरुवातीला मीच दुसऱ्या पर्यायासाठी स्टाफरूममध्ये भांडत होतो.

माझं म्हणणं तेव्हा अगदी साधं होतं. सकाळी सहाला घेतलेला निर्णय संध्याकाळी चारला कशाला लावायचा? वळवाचा ढग बऱ्याचदा तासाभरात बरसून मोकळा होतो. उन्हासाठी शाळा बंद असेल तर दिवस कलल्यावर हॉलमध्ये काय अडचण आहे? मैदानी खेळवाल्यांकडे तर विजेचा नियम आहेच, शेवटचा गडगडाट ऐकला की तिथून 30 मिनिटं थांबायचं आणि मगच मैदानात उतरायचं, मधे परत गडगडलं की घड्याळ परत शून्यावर. आणि स्पर्धेची तारीख काही आपल्या सुट्टीसाठी थांबत नाही.

रोबोटिक्सवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं, त्यांचं सगळं सामान कुलपाच्या आत. आमच्याकडे एकदा ट्रायलसाठी म्हणून लिथियम पॉलिमर बॅटऱ्या फुल चार्ज करून ठेवल्या, म्हणजे एका सेलला 4.2 व्होल्ट, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. या बॅटऱ्या नुसत्या ठेवायच्या असतील तर 3.8 च्या आसपास ठेवाव्या लागतात, फुल चार्ज पडून राहिल्या की खराब होतात. आता कुलूप कोण उघडणार? तेव्हा वेगळ्या निर्णयाची बाजू अगदीच कच्ची आहे असं नाही.

पण मला हरवलं ते शाळेच्या बसने. क्लब चालू ठेवला तरी त्या दिवशी बस सुटत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आभाळ मोकळं झालं म्हणून रस्त्यावरचं पाणी लगेच ओसरत नाही ते वेगळंच. दुपारी दीडला ग्रुपवर 'रिहर्सल आहे' टाकलं, मग चारपर्यंत 'नक्की ना सर?' चे मेसेज, आणि शेवटी एकोणीसपैकी सात जण हजर, बहुतेक ज्यांना कोणीतरी गाडीने सोडू शकतं तेच. नाटकातला राजा झालेला मुलगा बसने येणारा, म्हणून त्याच्या जागी खुर्ची ठेवली आणि प्रधान अर्धा तास खुर्चीपुढे हात जोडून बोलत राहिला. पुढच्या रिहर्सलला राजा आला आणि तोच सीन पहिल्यापासून बसवावा लागला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एका मुलीने, ती पण बसवालीच, त्या दिवशी चालत हॉल गाठला. स्क्रिप्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी, बूट मात्र चिंब. मी म्हटलं, अगं कशाला आलीस अशी? तर म्हणाली, "सर, नसते आले तर माझं काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं ना?" मी लगेच 'नाही' म्हणालो. पण आधीच्याच आठवड्यात एका गैरहजर मुलाचे दोन संवाद मी हजर असलेल्याला देऊन मोकळा झालो होतो, आणि तिने ते पाहिलं होतं.

तेव्हापासून मी आपला 'सगळंच बंद' वाला झालोय. सगळ्यांचं सारखंच बुडतं, कुणी मागे पडत नाही. अर्ध्या दिवसात शाळा सोडली तरी पोरं चार वाजेपर्यंत कुठे थांबणार हा प्रश्नच येत नाही. ऑनलाइन वाचन करून बघितलं, संवाद पाठ होतात, हालचाली बसत नाहीत. फक्त बुडालेले दिवस भरून काढायला टर्मच्या सुरुवातीलाच दोन शनिवार कोरे ठेवतो, नाहीतर शेवटच्या आठवड्यात रडारड ठरलेली.

तुमच्या क्लबातली सगळी मुलं शाळेच्या जवळच राहत असतील तर तुमचं गणित कदाचित वेगळं निघेल, नाही म्हणत नाही. आमच्या रोबोटिक्सच्या सरांना माझं अजून पटलेलं नाही. पण तेही आता आदल्या संध्याकाळी अंदाज बघतात, आणि वाईट असला तर बॅटऱ्या फुल चार्ज करतच नाहीत.