जुनी फियाट की नवी इलेक्ट्रिक? आधी पार्किंगकडे बघा

हातात बारा-पंधरा लाख आहेत, दारात एकच गाडी मावणार आहे, आणि मन एकीकडे जुन्या फियाट पद्मिनीकडे ओढतंय तर दुसरीकडे इलेक्ट्रिककडे. गाड्यांचं वेड असलेल्या बऱ्याच जणांपुढे सध्या हा पेच आहे. माझं मत आधीच सांगतो. रात्री गाडी कुठे उभी राहणार, यावर अर्ध्याहून अधिक निर्णय ठरतो. इंजिन, बॅटरी, रेंज हे सगळं त्यानंतर.

बोलणं हवेत राहू नये म्हणून दोन गाड्या समोर ठेवू. एक प्रीमिअर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट, दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातल्या. दुसरी टाटा नेक्सॉन ईव्ही, रांजणगावची. म्हणजे एका अर्थी दोन्ही आपल्याच मातीतल्या.

गाडी उभी कुठे राहणार?

फियाटचा खरा शत्रू पाऊस. इंजिन कितीही थकलेलं असलं तरी बांधून मिळतं. कुजलेला पत्रा मात्र पैसे खातच राहतो. मुंबईत किंवा कोकणात उघड्यावर लावलेली जुनी गाडी दोन-तीन पावसाळ्यांत खालून पोखरली जाते. म्हणून बघायला जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीवर, डिकीत स्टेपनीखाली फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी भरलेली आहे. पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर अंगठ्याने दाबून बघा. विकणारा मॅटिंग उचलू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

इलेक्ट्रिकला छप्पर नसलं तरी चालेल, पण वीज हवी. तुमच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर, नीट अर्थिंग, आणि त्याला सोसायटीची संमती. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरसुद्धा रात्रभरात रोजच्या वापराला पुरेल एवढी गाडी भरते. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवायचा तर मीटरचा मंजूर भार वाढवावा लागू शकतो. हे सगळं बुकिंगच्या आधी लेखी मिळवा. कमिटी तोंडी ‘बघू’ म्हणाली, तर तो नकार समजून चाला. घरी चार्जिंग नसेल तर मी इलेक्ट्रिक घ्या असं सांगणार नाही. सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर घरच्या दुपटीच्या घरात जातो आणि शनिवारी संध्याकाळी हायवेवर रांग असते.

चालवताना

इथे तुलना आकड्यांवर नेली तर फियाटचं काहीच उरत नाही. १,०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. २०२० ची पहिली नेक्सॉन ईव्हीसुद्धा तिच्या तिप्पट ताकदीची, आणि पायाखाली सगळा जोर पहिल्या क्षणापासून. खंडाळ्याचा घाट चढताना ती मागे-पुढे बघत नाही, आणि उतरताना ब्रेकिंगमधून थोडी वीज परत बॅटरीत घालते.

पण फियाट लोक आकड्यांसाठी घेत नाहीत. स्टेअरिंगच्या खांबावरचा गिअरचा दांडा, पुढचं सलग सीट, बाहेर ढकलली की वाऱ्याचा झोत थेट अंगावर आणणारी दाराची त्रिकोणी काच. थंडीत सकाळी चोक ओढून इंजिन धरायचं, मग आवाज ऐकत हळूहळू चोक आत सोडायचा. गाडी चालवणाऱ्याला यात काम असतं, आणि ते काम आवडणं हीच क्लासिक घेण्याची एकमेव पक्की अट आहे. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप तापून गाडी बंद पडली की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं, हे टॅक्सीवाल्यांचं जुनं शास्त्र आजही लागतं. ऑफिसला नऊच्या मीटिंगला पोहोचायचं असताना हे ज्याला सहन होणार नाही, त्याने रोजच्या गाडीसाठी पद्मिनीचा विचारही करू नये. आणि मागे लहान मुलं बसणार असतील तर माझा सल्ला सरळ आहे: एअरबॅग, एबीएस असलेली नवी गाडी घ्या.

खर्च

घरची वीज १० रुपये युनिट आणि एका युनिटला ७ किलोमीटर धरले, तर इलेक्ट्रिकचा किलोमीटर दीड रुपयाच्या आत पडतो. फियाट लिटरला १२ देते असं धरलं आणि पेट्रोल शंभरच्या वर, तर साडेआठ रुपये. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक कारला टोलमाफी दिली आहे.

फियाटचा छुपा खर्च आता पेट्रोलमध्येच आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले डायफ्रॅम (रबरी पडदे) मऊ करतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवतं. गाडी घेतल्या घेतल्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घ्या. हे टाळाल तर प्रश्न पैशांपुरता राहणार नाही: गरम इंजिनवर गळणारी नळी म्हणजे आगीचा धोका.

कागदपत्रं

यात बरेच जण फसतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी. आधीपासून नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ मालिका मिळते. पण या नोंदणीवर रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

१९६४ नंतरच्या सुरुवातीच्या डिलाइट या वयात बसतात. १९८५ ची पद्मिनी नाही बसत. तिच्यासाठी साधाच मार्ग: दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी आणि नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झालं. त्यामुळे आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत संपलेली ‘स्वस्तातली’ पद्मिनी घेऊ नका. इंजिन आणि चॅसिस नंबर स्वतः घासून, पुसून, आरसीशी ताडून बघा.

पंधरा वर्षांनी काय?

पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरी मुंबईत ऑपेरा हाउसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर बरेच सुटे भाग मिळतात. इंजिनाचे पॉइंट, कंडेन्सर, टॅपेट हे हातांनी जुळवणारे मिस्त्री मात्र कमी होत चालले आहेत. तुमच्या गावात असा एक तरी मिस्त्री नसेल तर बेत रद्द करा.

बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. त्यानंतर सॉफ्टवेअर, कंट्रोलर, बॅटरी पॅक हे सगळं कंपनीच्या हातात. २००१ मध्ये बंगळुरूहून आलेली छोटी रेवा आठवा. कल्पना काळाच्या पुढची होती, पण लेड-ॲसिड बॅटऱ्या बदलत राहणं मालकांच्या जिवावर आलं. आजच्या लिथियम बॅटऱ्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, तरी जुनी इलेक्ट्रिक विकताना भाव पडतो हे धरूनच चाला. चांगल्या पत्र्याची, खऱ्या कागदांची फियाट सहसा असा भाव सोडत नाही.

तेव्हा एकच गाडी घ्यायची असेल आणि घरी चार्जिंग असेल, तर इलेक्ट्रिक. चार्जिंग नसेल तर साधी पेट्रोल गाडी. पद्मिनी तरीही नाही. दारात रोजची गाडी आधीच आहे, छपराखाली दुसरी जागा आहे आणि मिस्त्री ओळखीचा आहे, तर फियाट जरूर घ्या, आणि लवकर घ्या. चांगल्या पत्र्याच्या गाड्या दरवर्षी कमी होताहेत.

पद्मिनीलाच इलेक्ट्रिक केलं तर?

हा प्रश्न हल्ली हटकून येतो. गाडी नियमात बसत असेल तर करता येतं, पण पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं किट हवं आणि आरसीवर इंधनाचा बदल नोंदवून घ्यायला हवा. मूळ स्वरूप गेल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचा हक्क मात्र अडचणीत येतो. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवासुद्धा अशा गाडीला ऐतिहासिक मानत नाही. बदल करायचेच तर उलटवता येतील असे करा, असं सांगते. मला ते पटतं. चांगली चालती डिलाइट फाडून तिच्यात मोटर बसवू नये. इंजिन गेलेली, सुट्या भागांअभावी धूळ खात पडलेली पद्मिनी असेल तर खुशाल करा, फक्त चॅसिस कापू देऊ नका, आणि काढलेलं इंजिन, गिअरबॉक्स, टाकी तेल लावून, नंबरासकट जपून ठेवा.