बॅकअप संप पंप लावून घेताय? आधी हे वाचा

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मंडळींना संप पंप म्हणजे काय हे सांगायला नको. बेसमेंटच्या कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप; पाणी चढलं की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खटका, उचलला जातो आणि पंप ते बाहेर फेकतो. पंचाईत अशी की धो-धो पाऊस आणि वीज जाणं हे बहुधा जोडीनंच येतं. २०१२ च्या सँडी वादळात कित्येक घरं दिवसच्या दिवस अंधारात होती. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसानं काय केलं ते इथं कुणालाही विचारा. म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप लावायचा. टोपी घालणाऱ्यांची चांदी नेमकी इथंच होते, कारण मुख्य पंप धडधाकट आहे तोवर बॅकअप खरा की खोटा हे कळायला मार्गच नसतो. आम्हाला कळलं तेव्हा कार्पेटवर घोटाभर पाणी होतं.

माणूस मिळाला ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मराठी, गोडबोल्या. "काका, मी असताना तुम्ही कशाला टेन्शन घेता? घरचंच काम समजा." परमिट? "एवढ्याशा कामाला टाउनशिपला कोण विचारतं!" करार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी. पैसे दोन हजार डॉलरच्या आसपास, तेही थेट खात्यात, कारण कार्डावर दिले की "उगाच तीन टक्के जातात". काम झाल्यावर त्यानं फ्लोट हातानं वर उचलला, मोटर घुरघुरली, चार्जरवर हिरवा दिवा लागला. हिनं थालीपीठ केलं होतं, तेही वर लोणी मागून खाऊन गेला.

देखभालीचं कामही त्यानंच घेतलं. मधूनमधून यायचा, पाच मिनिटं खाली जायचा, बॅटरीला अडकवलेल्या कार्डावर तारीख टाकून सही करायचा आणि ऐंशी डॉलर घेऊन जायचा.

जुलैतल्या एका वादळात वीज गेली. बॅकअप लगेच सुरू झाला, आवाजही खणखणीत, पण खड्ड्यातलं पाणी काही उतरेना. हळूहळू मोटरचा आवाज बारीक झाला आणि थांबला.

नंतर बोलावलेल्या लायसन्सवाल्या प्लंबरनं टॉर्च मारून कारण दाखवलं. दोन्ही पंप एकाच पाइपला जोडलेले. तशी जोडणी चालते, पण जोडाच्या खाली प्रत्येक पंपाला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, हवा. पाइप कापताना या पठ्ठ्यानं मुख्य पंपाचा व्हॉल्व्ह काढला आणि परत बसवलाच नाही. त्यामुळे बॅकअपनं वर ढकललेलं पाणी बंद पडलेल्या मुख्य पंपातून पुन्हा खड्ड्यात. तेच पाणी गोल गोल फिरवत बॅटरी संपली.

आणि बॅटरी! 'मरीन डीप सायकल', म्हणजे बराच वेळ सावकाश करंट देणारी, असं स्टिकर होतं. प्लंबरनं नखानं कोपरा उचकटला तर खाली गाडीच्या बॅटरीचं लेबल, आणि तारखेचा शिक्का खरवडलेला. गाडीची बॅटरी क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते. तिला तासन्‌तास पंप ओढायला लावणं म्हणजे शंभर मीटर पळणाऱ्याला वारीत आळंदीहून पंढरपूरला पाठवणं. हिरव्या दिव्याचं म्हणाल तर तो बॅटरी भरली एवढंच सांगतो, ती किती टिकेल ते नाही.

भरीत भर, चार्जर एक्स्टेंशन कॉर्डवर, तीही फ्रीझरच्या मागून ओढलेली. पाणी घालायची बॅटरी गॅसच्या वॉटर हीटरला खेटून. अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे ती ज्योतीपासून लांब, हवेशीर जागी, जमिनीपासून वर, झाकणाच्या पेटीत हवी.

तेव्हा काम करणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर मुख्य पंपाचा प्लग काढा (कोरड्या हातानं, कोरड्या जमिनीवर उभं राहून) आणि खड्ड्यात बादलीनं पाणी ओता. बॅकअपचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा वर असतो, म्हणून दोन-चार बादल्या जास्त लागतील. पाणी उतरलं पाहिजे आणि बाहेरच्या पाइपमधून, घराच्या पायापासून लांब, पडताना दिसलं पाहिजे. फ्लोट हातानं उचलून दाखवणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका. हीच चाचणी पावसाळी दिवसांआधी घरच्या घरी करा, पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा, आणि बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलायची असते हे लक्षात ठेवा.

न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरकामाला लेखी करार लागतो. कराराची प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. कंत्राटदाराची नोंदणी राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या संकेतस्थळावर शोधता येते. आम्ही तिथं तक्रार केली आहे. विम्याकडून काही आलं नाही. संपचं पाणी साध्या घरविम्यात सहसा धरत नाहीत, वेगळं कलम विकत घ्यावं लागतं.

त्याचा फोन आता लागत नाही. जाहिरात मात्र नव्या नावानं फिरते आहे आणि 'झालेलं काम' म्हणून जो फोटो टाकलाय तो आमच्याच बेसमेंटचा आहे. मागे पांढरा फ्रीझर आणि त्यावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल दिसला, तर तोच.