कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन तोरणमाळ

गाडीत दम आहे, म्हसावद सोडल्यावर सातपायरी घाटाची वळणं आरामात चढली. पण यशवंत तलावाजवळ मुक्काम केला आणि मागची बॅटरी रात्रीच उतरली, लाइट पण गेले नि मोबाइल चार्जिंग पण, तोरणमाळच्या थंडीत हे फार जाचतं, गाडी देताना चेक करून द्यायलाच पाहिजे ना.

किचन मात्र एक नंबर!! सोबतची ताई धुळ्याची, ओळख नवीनच, तिने छोट्या बर्नरवर भरिताची वांगी फिरवून फिरवून अशी भाजली की साल आपोआप सुटली, मग लसूण-हिरवी मिरची ठेचून, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी, अनोळखीपणा तिथेच संपला. झोपायला दोघींना ऐसपैस जागा. बॅटरी नवी टाका, लगेच परत बुक करते.