वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे: डेटा एक नंबर, पण आधी प्रश्नावली वाचा (५ पैकी ४)

धार्मिकतेवर प्रबंध लिहायला निघालेल्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेच्या साइटवर पाठवते, म्हणजे अनेक देशांतल्या लोकांना त्यांची मूल्यं आणि श्रद्धा विचारणाऱ्या सर्वेक्षणाच्या. छोटा फॉर्म भरला की उत्तरांची अख्खी फाइल फुकट मिळते, एसपीएसएस, स्टाटा, आर, संख्याशास्त्राच्या ज्या सॉफ्टवेअरसाठी हवी त्यासाठी. सॉफ्टवेअर येत नसेल तर साइटवरच देश आणि प्रश्न निवडायचा, वयानुसार तक्ता तयार. १९८१ पासूनच्या फेऱ्यांत बरेचसे प्रश्न तेच ठेवलेत, त्यामुळे एकाच देशात काळानुसार काय बदललं हे बघायला याच्या तोडीचं फार थोडं आहे.

पण कोडिंगकडे, म्हणजे कुठल्या उत्तराला कुठला आकडा दिलाय त्याकडे, डोळे उघडे ठेवून बघा. 'तुमच्या आयुष्यात देवाला किती महत्त्व आहे?' याला १ ते १० गुण, १० म्हणजे सर्वाधिक. धार्मिक सोहळ्यांना किती वेळा जाता, या प्रश्नात मात्र गंगा उलटी वाहते: १ म्हणजे आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा, शेवटचा पर्याय म्हणजे जवळजवळ कधीच नाही. एक पट्टी उलटी न करता दोन्हींची बेरीज केली, तर भाविक आणि नास्तिक शेजारी शेजारी येऊन बसतात. शिवाय 'माहीत नाही'ला उणे १, 'उत्तर नाही'ला उणे २. हे न गाळता काढलेल्या सरासऱ्या घेऊन लोक येतात, आणि वर मलाच समजावतात की श्रद्धा घटते आहे!

देवाच्या महत्त्वाचा प्रश्न अतिधार्मिक देशांत फारसा कामाचा नाही. बहुतेक लोक १० वरच बोट ठेवतात, मग कमीजास्त कोण ते कळणार कसं? उपस्थितीचा प्रश्न 'लग्न आणि अंत्यविधी सोडून' असं बजावून विचारतात, ते छान. तरी आठवड्याची सामूहिक प्रार्थना हा ज्या धर्माचा कणाच नाही, त्याचे लोक इथे उगीच मागे पडतात. त्यात माणसं फुगवूनही सांगतात. अमेरिकेत हॅडवे, मार्लर आणि चेव्हज या संशोधकांनी १९९३ साली चर्चमधली डोकी मोजून दाखवलं, की प्रत्यक्ष हजेरी सर्वेक्षणात सांगितलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्मी आहे. म्हणून नुसत्या या एका प्रश्नावर बेतलेल्या 'सर्वात धार्मिक देशां'च्या याद्या मी सरळ बाजूला ठेवते.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स ग्लॉक यांनी १९६० च्या दशकातच धार्मिकतेचे श्रद्धा, विधी, अनुभव, ज्ञान आणि वागण्यावरचा परिणाम असे पाच पैलू वेगळे केले होते. या सर्वेक्षणात पहिले दोन भरपूर आहेत, अनुभव आणि ज्ञान नावापुरतेच. प्रबंध या शेवटच्या दोन गोष्टींवर असेल तर संशोधक श्टेफान हुबर यांची 'सेंट्रॅलिटी ऑफ रिलिजिऑसिटी' (आयुष्यात धर्म किती केंद्रस्थानी आहे) ही मोजपट्टी घ्या. तिच्या ५ प्रश्नांच्या छोट्या रूपावरही काम भागतं, आणि तिची आंतरधर्मीय आवृत्ती प्रार्थनेसोबत ध्यानाबद्दलही विचारते.