वाऱ्याच्या टेरेसवर फोल्डिंग ऑनिंग की तारेवरची सरकती जाळी?

पुण्यात वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या टेरेसला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली हवी असते, आणि वाराही नेमका त्याच वेळी सुटतो. फोल्डिंग ऑनिंग, म्हणजे भिंतीवरून घडीच्या हातांवर पुढे सरकणारं कापडी छत, दिसायला देखणं. मध्ये खांब नाही, मिटलं की डब्यात जातं, आणि पुरेसा उतार दिला तर हलकी सरही अडवतं. तारांवरून दोरीने ओढायची जाळी तेवढी नेटकी दिसत नाही, पाऊस तर सरळ आत येतो. तरी मी जाळी निवडली, ती मुख्यतः ऑनिंगच्या सेन्सरपायी.

ऑनिंगचे हात आतल्या स्प्रिंगच्या जोरावर कापड ताणून धरतात. पुढची दांडी अधांतरीच असते. खालून झोत आला की ती उचलली जाते आणि आपटते. तो हिसका हातांच्या सांध्यांवर आणि भिंतीतल्या ब्रॅकेटवर येतो. म्हणून दांडीवर हादरा ओळखणारा सेन्सर लावतात, तो हादरा बसला की मोटारीने ऑनिंग मिटवतो. तो हळवा ठेवला तर ऐन उन्हात ऑनिंग मिटतं, आणि वारा पडल्यावर बरेचदा आपल्यालाच उठून उघडावं लागतं. कमी हळवा ठेवला तर सांधे ढिले होतात. शिवाय वळवाच्या वादळात आधी वीज जाते. मोटार बंद आणि ऑनिंग उघडं. घ्यायचंच असेल तर हँडलने मिटवता येणारी मोटार घ्या आणि हँडल हाताशी ठेवा.

आकडे पाहिले की हे का होतं ते कळतं. युरोपीय मानकातल्या वर्ग २ चं ऑनिंग ताशी सुमारे ३८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंतचं. त्या वेगाला दाब चौरस मीटरला साधारण ७ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे २७ किलोच्या आसपास. ४ बाय ३ मीटरच्या कापडावर ते ३०० किलोंच्या वर जातं. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या भिंतीत साध्या फास्टनरवर हे टिकत नाही. ब्रॅकेट आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) बीममध्येच हवेत.

विणलेल्या एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) जाळीतून थोडा वारा निघून जातो, त्यामुळे फडफड आणि ओढ दोन्ही कमी. पण शेतीची पातळ हिरवी जाळी नको, ती तारेत अडकवायच्या रिंगांपाशी फाटते. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरची, कडेला पट्टी शिवलेली घ्या. स्टेनलेसच्या ४ किंवा ५ मिलिमीटरच्या तारा मीटरभर अंतराने, प्रत्येकीला एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा किंवा सैल करायचा स्क्रू. जाळीत दर ५०-६० सेंटिमीटरला ॲल्युमिनियमची नळी घाला, नाहीतर मधला भाग पोटासारखा फुगतो. ओढायची दोरी पॉलिएस्टरची. नायलॉन भिजलं की ताणलं जातं. जाळी दोन्ही कडांना क्लीटवर (दोरी गुंडाळायच्या खुंटीवर) बांधा, एकच कड बांधली तर वारा तिला तारेवर मागेपुढे नेतो.

तार तंबोऱ्यासारखी ताणायचा मोह होतो, तो आवरा. मीटरभर पट्ट्याचा भार घेणारी ४ मीटरची तार चौरस मीटरला १२ किलो दाबाखाली १० सेंटिमीटर वाकली तर टोकाला सुमारे २४० किलोंचा ओढा येतो. ५ सेंटिमीटरच वाकू दिली तर दुप्पट. म्हणून एकटा खांब नको, चारही बाजूंनी बंद असलेली एमएस (साध्या पोलादाची) फ्रेम करा, म्हणजे तारांचा ओढा फ्रेममध्येच राहतो. कठड्याला तर काहीच बांधू नका, विटांचा कठडा अशा ओढ्यासाठी नसतो. फ्रेम पक्की बसवण्यासाठी स्लॅबला भोकं पाडू नयेत, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या फ्लॅटमध्ये ओल जाते. बीमच्या बाहेरच्या बाजूला प्लेट लावून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेले बोल्ट) मारा.

टेरेस आडोशाला किंवा पूर्वेकडे असेल आणि पाऊसही अडवायचा असेल, तर ऑनिंगला ना म्हणण्याचं कारण दिसत नाही. उघड्या पश्चिमेला मात्र जाळी बरी. मृग लागायच्या आत ती हुकांवरून काढा, धुऊन कोरडी गुंडाळा, आणि तारांचे टर्नबकल दोन फेरे सैल करून ठेवा.